कुंभार्ली घाट, एकच इंजिन आणि दोन गिअरबॉक्स: ऑटोमॅटिकच्या ‘पिकअप’चे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मंजिरी आणि श्रीकांत (दोन्ही नावे बदलली आहेत) कराडचे. मंजिरी बँकेत अधिकारी आहे. तिची बदली चिपळूणला झाली, पण श्रीकांतचे दुकान कराडात असल्यामुळे बिऱ्हाड हलले नाही. सोमवारी पहाटे कुंभार्ली घाट उतरून जायचे आणि आठवडा संपला की संध्याकाळी तोच घाट चढून यायचे, असा तिचा क्रम सुरू झाला. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. कराड ते पाटण बरा, पुढे कोयनानगर, हेळवाकपर्यंत वळणावळणाचा, आणि मग पोफळीच्या बाजूला उतरणारा खरा घाट. गुहागर-विजापूर मार्गाचाच हा भाग असल्यामुळे एसटी, मालट्रक आणि लोट्याच्या कारखान्यांकडे जाणारे-येणारे टँकर कायम असतात.

घरी जुनी डिझेल हॅचबॅक होती, अर्थात हाताच्या गिअरची. पहिल्याच पावसाळ्यात मंजिरीचा डावा गुडघा कुरकुरू लागला. घाटात टँकर अडकला की अर्धा अर्धा तास क्लच दाबत-सोडत सरकायचे. डॉक्टरांनी सांगितले, लिगामेंट दुखावले आहे, क्लचचा खेळ कमी करा. ऑटोमॅटिक गाडी घ्यायची हे तिने त्याच दिवशी ठरवले.

श्रीकांतला ते पटेना. “अगं, ऑटोमॅटिकला पिकअप नसतो. घाटात एसटीला मागे टाकायला गेलीस आणि समोरून ट्रक आला, तर गाडी विचार करत बसेल.” तिचे उत्तर सरळ होते, “अहो, पाय तुमचा दुखत नाही.” मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवतो आणि दोघांशी जुना घरोबा आहे, म्हणून हा वाद माझ्यापर्यंत आला.

नेमका प्रश्न काय होता

श्रीकांतची भीती खोटी नव्हती. जुन्या तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्या खरोखरच मंद होत्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल फिरताना बरीच ताकद उष्णतेत जायची, आणि दोन गिअरमधले अंतरही मोठे असायचे. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच असतो, गिअर सहा किंवा जास्त असतात, आणि वेग धरला की तेलातली घसरण जवळपास संपते. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये तर पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, फक्त एक क्लच सुटून दुसरा धरतो. पोर्शच्या २०२१ च्या ९११ जीटी३ गाडीचे कंपनीने दिलेले आकडे पाहा. ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला मॅन्युअलला ३.९ सेकंद, दोन क्लचच्या ‘पीडीके’ला ३.४. इंजिन तेच. म्हणजे ऑटोमॅटिक हळू असते, हे सरसकट विधान आता टिकत नाही.

पण मंजिरीच्या बजेटमध्ये येणारी ऑटोमॅटिक होती ती एएमटी, आणि तिथे श्रीकांतच्या बोलण्यात तथ्य होते. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. हा वेगळा गिअरबॉक्स नव्हेच. मॅन्युअल गाडीतलाच गिअरबॉक्स आणि तोच एक क्लच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी आणि हाताऐवजी यंत्र करते. यंत्र ते काम करत असते तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही. मान किंचित पुढे जाते आणि मग गाडी पुन्हा ओढते. हा झोल प्रत्येक एएमटीत कमीजास्त असतोच.

दोघेही ० ते १०० च्या आकड्यांवर भांडत होते. मोबाईलवर पाहिलेल्या चाचण्यांत एएमटी मॅन्युअलपेक्षा सेकंदभर मागे, म्हणून श्रीकांत जिंकल्यासारखा. माझा पहिला आग्रह तो आकडा बाजूला ठेवायचा होता. उभ्या गाडीला पूर्ण रेस देऊन १०० पर्यंत नेणे या रस्त्यावर कोण करणार? मंजिरीचा खरा प्रसंग असा: ४० च्या वेगाने एसटीच्या मागे गाडी चालली आहे, पुढे सरळ तुकडा दिसतो, पाय दाबला. तिथपासून एसटी सुरक्षितपणे मागे पडेपर्यंत किती सेकंद? तुलना या सेकंदांची करायची होती.

समोरचे पर्याय

चार मीटरच्या आतली, १.२ लिटर साध्या पेट्रोल इंजिनाची गाडी दोघांनाही पसंत होती. ती पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळत होती आणि एएमटीतही. त्यांना मिळालेल्या कोटेशनमध्ये फरक पन्नासेक हजारांचा होता. तिसरा पर्याय एक लिटर टर्बो पेट्रोल आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. त्यासाठी एएमटीपेक्षा आणखी पावणेदोन-दोन लाख लागत होते. दोन क्लचच्या गाडीची चौकशी केली, पण किंमत आणखी वर गेली. शिवाय चढावर टँकरच्या मागे इंच इंच सरकताना कोरड्या, म्हणजे तेलात नसलेल्या क्लचचा असा गिअरबॉक्स तापतो, हे माझ्या मनात होते. तो विचार लवकर सोडला.

सीव्हीटीचा, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी सलग बदलत जाणाऱ्या गिअरबॉक्सचा विषय मंजिरीनेच काढला होता. त्या प्रकारच्या गिअरबॉक्सवर माझा आक्षेप नाही. इंजिनाचा आवाज वर जाऊन तिथेच अडकतो म्हणून गाडी हळू वाटते, घड्याळ मात्र बऱ्याचदा वेगळे सांगते. पण त्यांना आवडलेल्या गाड्यांमध्ये तो नव्हता.

मोजणी

रविवारी सकाळी कराडजवळच्या तासवडे एमआयडीसीतला सपाट, मोकळा रस्ता निवडला. मॅन्युअल आणि एएमटी एकाच मॉडेलच्या, एकाच इंजिनाच्या, टायरही सारखे. एसी सुरू, गाडीत श्रीकांत, मंजिरी आणि मागे मी. मंजिरीचा मोबाईल दोन सीटच्या मधून स्पीडोमीटरवर रोखून धरला आणि व्हिडिओ सुरू ठेवला. व्हिडिओत एका सेकंदाला ३० चित्रे असतात, त्यामुळे काटा ४० वर असताना आणि ८० वर पोहोचल्यावर थांबवून वेळ काढणे सोपे जाते. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, पण दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असल्यामुळे तुलनेला बाधा येत नाही. या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे आवाजही नोंदला जातो. पेडल तळाला टेकल्याचा ‘टक्’ आणि इंजिनाचा सूर चढल्याचा क्षण, या दोन्हींमधला वेळ वेगळा काढता येतो. मला सगळ्यात जास्त रस त्याच वेळेत होता.

आधी श्रीकांतने मॅन्युअल चालवली. ४० वर, तिसऱ्या गिअरमध्ये, आहे त्याच गिअरमध्ये पाय दाबला. ८० व्हायला साधारण साडेनऊ सेकंद. मी त्याला दुसरा गिअर टाकून पुन्हा तेच करायला सांगितले. आठ सेकंद. तो चकित झाला, कारण जुन्या डिझेल गाडीत तिसऱ्या गिअरवरच सगळे भागायचे. टर्बो डिझेलला मिनिटाला १,९०० फेऱ्यांवरही भरपूर ओढ असते. साध्या १.२ पेट्रोलला तिथे नसते. अशा गाडीत ताशी ४० ला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण १,९०० वर फिरते, दुसऱ्यात २,८०० च्या आसपास. चाकापर्यंत पोहोचणारी ओढ दुसऱ्या गिअरमध्ये जवळपास दीडपट होते. वर चढत्या फेऱ्यांबरोबर इंजिनही खुलते.

मग एएमटी. डी मोडमध्ये, म्हणजे गिअर गाडीवरच सोपवून, ४० वर असताना पेडल तळापर्यंत दाबले. टक्, मग शांतता, मग गिअर खाली पडला आणि सूर चढला. ही शांतता सव्वा सेकंदाच्या आसपास. त्यानंतरची धाव मात्र मॅन्युअलच्या दुसऱ्या गिअरइतकीच, आठ सेकंद. यात नवल काही नाही, दात तेच, इंजिन तेच.

त्यानंतर मंजिरीने स्वतः गिअरचा दांडा मॅन्युअल मोडकडे सरकवला, एकदा मागे ओढून दुसरा गिअर घेतला, इंजिन वर फिरू दिले आणि मगच पेडल दाबले. शांतता गायब. श्रीकांतच्या सगळ्यात चांगल्या वेळेइतकीच वेळ. श्रीकांतला व्हिडिओ दाखवेपर्यंत ते खरे वाटत नव्हते, कारण मॅन्युअलमध्ये हात-पाय कामात असतात आणि माणसाला गाडी जास्त जोरात गेल्यासारखी वाटते.

टर्बो टॉर्क कन्व्हर्टर वेगळ्या शोरूममधून आणली होती. पेडल दाबल्यावर अर्धा सेकंद, मग सहा सेकंदांत ८०. मध्ये गिअर बदलतानाही ओढ तुटत नव्हती.

घाटाचे गणित

इथे मी वही काढली. एसटीच्या मागे दहा मीटर अंतर, एसटीची लांबी, आपल्या गाडीची लांबी आणि पुढे निघाल्यावर आपल्या लेनमध्ये शिरण्यापूर्वी पंधरा मीटर. असे धरून एसटीपेक्षा सुमारे ४० मीटर जास्त जायचे आहे. एसटी ४० वरच चालली आहे.

सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हे ७.६ सेकंदांत होते, तिसऱ्यात ८.३ सेकंदांत. म्हणजे गाडीचा जोर पंधरा-वीस टक्के वाढवला तरी वाचतात जेमतेम पाऊण सेकंद. कारण वेळ ठरवताना प्रवेग वर्गमुळाखाली जातो. उलट पेडल दाबल्यानंतरची थांबण्याची वेळ आहे तशी, पूर्णच्या पूर्ण, बेरजेत येते. एएमटीचा डी मोड ७.६ अधिक सव्वा, म्हणजे ८.९ सेकंद, आळशी तिसऱ्या गिअरपेक्षाही वाईट. श्रीकांतच्या ‘गाडी विचार करत बसेल’ या तक्रारीचा हा आकडा. समोरून ६० ने ट्रक येत असेल आणि आपणही ६० च्या आसपास असू, तर एका सेकंदात दोघांमधले अंतर ३३ मीटरने कमी होते, तीन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढे होईल तेवढे.

मात्र ही सव्वा सेकंदाची किंमत समोरच्या लेनमध्ये जाऊनच मोजावी लागते, असे कुठे आहे? एसटीच्या मागे, आपल्याच लेनमध्ये असताना गिअर पाडून घेतला तर ती वेळ तिथेच संपते. मॅन्युअल गाडीचा चांगला ड्रायव्हर तरी काय करतो? आधी गिअर, मग आरसा, मग इंडिकेटर, मग स्टिअरिंग. एएमटीतही तोच क्रम ठेवला की दोन्ही गाड्या बरोबरीत येतात.

चढ आला की चित्र आणखी बदलते. वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर नेणारा, म्हणजे पाच टक्क्यांचा चढ धरा. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ठरलेला वाटा कापून घेते आणि उरलेल्या थोड्या प्रवेगात गिअरचा फरक ठळक होतो. दुसऱ्या गिअरमध्ये ९.४ सेकंद, तिसऱ्यात १०.८. टर्बोला, थांबण्यासकट, ८.२. गाडीत पाच माणसे आणि सामान भरले की साधे इंजिन दुसऱ्या गिअरमध्येही ११.४ सेकंद घेते, आणि तेवढ्या वेळात समोरचा रस्ता साडेतीनशे मीटर मोकळा लागतो. कुंभार्लीत इतका लांब तुकडा दिसतो कुठे? टर्बोला याच स्थितीत साडेनऊ सेकंद लागतात, म्हणजे तीनशे मीटरच्या आसपास. वहीतला हा हिशेब पाहून मंजिरी म्हणाली, “म्हणजे भरलेल्या गाडीने घाटात एसटीच्या मागेच राहायचं, गाडी कुठलीही असो.” मला हे वाक्य सगळ्या चर्चेतले सर्वात मोलाचे वाटते. ओव्हरटेकची जागा घाट नव्हे. पाटण ते हेळवाक पट्ट्यातले सरळ तुकडे ही तिची जागा.

निर्णय

पहिला मुद्दा गुडघ्याचा होता, त्यामुळे मॅन्युअल बाद झाली. श्रीकांतने ते मान्य केले, पण एएमटीवर येण्याऐवजी तो टर्बोकडे झुकला. त्याचे म्हणणे असे की आठवड्यातून दोनदा घाट करायचा तर दोन लाख जास्त गेले तरी चालतील. इथे माझे मत विचारले तेव्हा मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या.

एक, मंजिरी बहुतेक वेळा एकटी जाते. हलक्या गाडीत दुसरा गिअर आधी घेण्याची सवय लागली तर एएमटी पुरेशी आहे. दुसरी गोष्ट टर्बोच्या बाजूची होती आणि तिचा पिकअपशी संबंध नव्हता. चढावर वाहतूक अडकली की एएमटीचा क्लच घासतो. पायाखाली क्लच नसल्यामुळे तो अर्धा धरला गेला आहे हे चालवणाऱ्याला कळतही नाही. बरेच जण ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी चढावर तोलून धरतात आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सुरुवातीची घसरण तेलात होते, तेव्हा क्लच घासला जात नाही.

मंजिरीने दोन दिवस घेतले. घराचे कर्ज चालू होते, मुलीच्या बारावीनंतरचा खर्च दिसत होता. तिने हिल-होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) असलेली एएमटी निवडली. उरलेल्या पैशांचे काय करायचे यावर नवरा-बायकोत पुन्हा चर्चा झाली, ती या प्रकरणाबाहेरची.

गाडी आल्यावर एका सकाळी आम्ही पाटणच्या पुढच्या रस्त्यावर सराव केला. डाव्या हाताने दांडा मॅन्युअलकडे, एकदा मागे, सूर चढू द्यायचा, समोर बघायचे, मग निघायचे. रस्ता मोकळा नसेल तर तसेच मागे राहायचे, इंजिन ओरडत असले तरी. अडकलेल्या वाहतुकीत ब्रेकवर थांबायचे, पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय सरकायचे नाही. उतरताना डी मोड नको, दुसरा किंवा तिसरा धरून इंजिनाच्या ब्रेकवर यायचे. आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, हेही बोलून घेतले.

पुढे काय झाले

गुडघ्याचे दुखणे कमी झाले. ती आता घाटात थकून येत नाही, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव. एकटी असताना ओव्हरटेकची तक्रार तिने केलेली नाही.

एक अडचण चाचणीत दिसली नव्हती. चढावर टँकर २० च्या वेगाने चालतो. तेव्हा एएमटी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिन १,४०० वर, आणि पाय दाबला तरी गाडी हलत नाही. पहिला गिअर घ्यायला ती नाखूष असते. मंजिरीने त्यावर स्वतःच तोडगा काढला. अशा टँकरच्या मागे ती आधीपासूनच मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरून ठेवते आणि अंतर जरा जास्त ठेवते. मॅन्युअल गाडीतही हाच प्रसंग येतो, फक्त तिथे हात आपोआप दांड्याकडे जातो.

दिवाळीत सगळे कुटुंब गणपतीपुळ्याला गेले. परतताना पाच माणसे, डिकीत सामान, एसी सुरू. पोफळीपासून वर गाडीने दम काढला. श्रीकांत शेजारी बसून होता आणि टर्बो घ्यायला हवी होती असे त्याला अजूनही वाटते. त्या एका प्रवासापुरते ते बरोबरही आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगला क्लचची घसरण तपासायला सांगितली होती. ठीक निघाली. पुढच्या दोन पावसाळ्यांनंतर काय दिसते, त्यावर माझे या निर्णयाबद्दलचे अंतिम मत ठरेल.

काय वेगळे करता आले असते

चाचणी सपाट रस्त्यावर झाली आणि चढाचा अंदाज वहीवर काढला गेला. शोरूम घाटात गाडी नेऊ देत नाही, हे खरे. पण कराडजवळच चांगला चढ असलेले रस्ते आहेत, आणि टेस्ट ड्राइव्हला चार मोठी माणसे बसवायला कोणी हरकत घेत नाही. भरलेल्या गाडीने, चढावर, २० वरून आणि ४० वरून अशा दोन वेळा मोजल्या असत्या तर टँकरमागची अडचण विकत घेण्यापूर्वीच कळली असती.

जुन्या बाजारातला टॉर्क कन्व्हर्टरही पाहता आला असता. नव्या एएमटीच्या किमतीत तीन-चार वर्षे वापरलेली, मोठ्या इंजिनाची ऑटोमॅटिक सेडान मिळते. देखभालीचा खर्च वाढतो, पण चढावरच्या क्लचची चिंता जाते. ज्याला दर आठवड्याला चार-पाच माणसे घेऊन घाट करायचा आहे, त्याला मी तो पर्याय आधी बघायला सांगेन, किंवा टर्बोसाठी थांबायला.

आणि श्रीकांतचे जुने म्हणणे. त्याच्या स्वतःच्या वापरासाठी डिझेल हॅचबॅक अजून घरी आहे. तिची वेळ मोजायची राहून गेली होती. आता मंजिरी मागे लागली आहे की एका रविवारी तीही तासवड्याला न्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८०.